वर्नाबाईंचा तीस हजार एकतिसावा दिवस

आमच्या विस्कॉन्सिनमधल्या गावात दर गुरुवारी वाचनालयाच्या तळघरात आकड्यांचं मंडळ भरतं. सगळी पिकली पानं. कॅल्क्युलेटर दाराबाहेर, आत फक्त पेन्सिल. वाढदिवस आम्ही वर्षांवर मोजत नाही, दिवसांवर मोजतो. आकडा देखणा निघाला की केक.

त्या गुरुवारी वर्नाबाईंचा ३०,०३०वा दिवस होता. दोन, तीन, पाच, सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार! आम्हीही नेमके तेराजण होतो, केकचे तेरा तुकडे झाले.

तोंडात केक असतानाच माझा धाकटा भाऊ ऑर्विल उभा राहिला. ऐंशीचा विधुर. "बाई, तुमचंही घर रिकामं, माझंही. लग्न करू या का?"

मी कपाळावर हात मारला. सहा वर्षं मनात घोकलं आणि बोलला ते असं!

वर्नाबाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आज माझ्या आकड्याला या सहांनी भाग जातो. उद्या यांतल्या कुणानेही जाणार नाही, दर वेळी एक उरेल. त्या एकासारखी मी एकटीच बरी. उद्याच्या आकड्याला दुसऱ्या कशाने भाग जातो असं दाखवा, मग बघू."

भाग जाणारच नाही, म्हणत आम्ही बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्या काही मूळ संख्यांचा गुणाकार करून एक मिळवायचा, हा आमचा लाडका खेळ. सात, एकतीस, दोनशे अकरा, दोन हजार तीनशे अकरा, सगळ्या मूळ संख्याच निघतात. मग ३०,०३१ वेगळी कशाला असेल?

"गोड शब्दांत नकार दिलाय रे," वाटेत मी म्हटलं.

"भागून बघायला काय जातं?"

शुक्रवारी संध्याकाळी गावच्या रिवाजाप्रमाणे आम्ही खानावळीत तळलेले मासे खायला गेलो. ऑर्विलने ताटाखालचा कागद उलटा केला आणि मांडायला बसला. सतराने नाही. एकोणीसने नाही.

"अरे, आधी खा!"

त्रेपन्ननेही नाही. एकोणसाठला पेन्सिल थांबली. पाचशे नऊ, बाकी शून्य. मी तीनदा तपासलं. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

खिडकीपाशी वर्नाबाई बसल्या होत्या. ऑर्विलने कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून एकेक हातचा पाहिला.

"एकतीस वर्षं मुलांना हेच गणित घातलं," त्या म्हणाल्या. "जो तो म्हणायचा, भाग जाणारच नाही. भागून बघायचे फार थोडे."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला न बघता मान डोलावणारा नवरा नको होता. बसा आता, निवतंय."

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. त्यांच्या टेबलावर आधीपासूनच दोन ताटं वाढलेली होती.

ऑर्विलचे गार मासे मीच संपवले. मानही मीच सगळ्यांत जोरात डोलावली होती.