समोरचा उजेड

रोलमध्ये छत्तीस फोटो होते, त्यातले बावीस झाले होते. खोलीत एक लोखंडी पलंग, दोन खुर्च्या, एक शिवणयंत्र आणि दोन खिडक्या होत्या. रस्त्याकडची खिडकी गोजरबाईंनी लावून घेतली होती. पूर्वेची उघडी होती. पंकजने रोल एक घर पुढे सरकवला आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

"सहज बस गं, सहज," गोजरबाई सुनेला म्हणाल्या. "रंगनाथनं काय लिवलंय? बसवून काढू नका, घरात वावरती तसे काढा. मंग वावर की."

जयमाला पलंगाच्या कडेला होती तशीच बसून राहिली. सातवा महिना होता. अंगावरच्या नव्या हिरव्या साडीची घडी अजून मोडली नव्हती. मांडीवर पेढ्यांची ताटली होती.

"पेढा खा. आन् खाताना माज्याकडं बगून हस."

"सकाळपास्नं तिसरा हाय, आत्याबाई."

"तर काय झालं? हितं माजी आबाळ हुती म्हनून नवऱ्याला लिवती ना? मंग खा."

जयमालाने पेढा तोंडाजवळ नेला. पंकजने तेविसावा फोटो घेतला, खिशातली वही काढली आणि क्रमांक, विषय, अंतर, उजेड असे चार रकाने भरले. दोन वर्षांपूर्वी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर त्याने कोल्हारात स्टुडिओ टाकला होता. तेव्हापासूनचा एकही फोटो या वहीत लिहायचा राहिला नव्हता.

"हिचं पत्र गेलं, अंगाला सूज हाय, मला काष्टीला म्हायेरी धाडा," गोजरबाई त्याला सांगू लागल्या. "मी बी लिवून घेतलं, पोरगी ठणठणीत हाय. आता त्यो तिकडं आसामात, पलटनीत. त्यानं तरी कुनाचं खरं धरायचं? म्हनला, फोटू धाडा, बगून ठरवतो. बरी दिसली तर ऱ्हाऊ द्या, न्हाईतर म्हायेरी."

"पहिलं बाळंतपण माहेरीच असतं ना, मावशी?"

"असतं की. ज्याच्या दारात चार म्हशी न्हाईत त्याच्याकडं."

चोविसाव्या फोटोत जयमाला शिवणयंत्राचं चाक फिरवत होती. यंत्रात दोरा नव्हता. तेवढ्यात डेअरीच्या माणसाने बाहेरून हाक मारली आणि गोजरबाई दुधाचं माप बघायला गेल्या. जयमालाने ताटली पलंगाखाली सरकवली.

"भाऊ, किती ऱ्हायले?"

"बारा."

"त्यातला येक मी सांगते तसा काढा."

तिने उजवा पाय खुर्चीवर ठेवला, साडी नडगीपर्यंत वर घेतली आणि पैंजणाच्या वर अंगठा दाबून धरला. मग उचलला. तिथे चिंचोक्याएवढा खळगा राहिला. पंकज गुडघ्यावर बसून बघत राहिला. खळग्याच्या कडा हळूहळू वर आल्या. त्याने घड्याळ पाहिलं होतं. अकरा सेकंद लागले.

"दुखतं का?"

"दुखत न्हाई. भरत न्हाई लवकर." ती दाराकडे बघत बोलत होती. "बाकीचे कसे बी येऊ द्या. ह्यो तेवडा नीट येऊ द्या. त्यांना लिवलेलं पटत न्हाई. डोळ्यांनी बगितलं की पटंल."

पूर्वेच्या खिडकीतून उजेड तिरपा येत होता. खळग्याच्या एका बाजूला बारीक सावली धरत होती. पण एवढ्याशा उजेडात कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागली असती, आणि तेवढ्यात हात हलला असता तर फोटो गेला असता. बाहेर कॅनचं झाकण वाजलं. पंकजने फ्लॅश चालू केला. फ्लॅशमध्ये हात हलला तरी फोटो हलत नाही.

"पुन्हा दाबा."

तिने दाबून अंगठा उचलला. खोली एकदा पांढरी झाली. गोजरबाई आत आल्या तेव्हा साडी घोट्यापर्यंत खाली होती आणि पंकज वहीत लिहीत होता : पंचवीस, पाय, अडीच फूट, फ्लॅश.

नगरच्या लॅबमधून चौथ्या दिवशी फोटो आले. छत्तीसच्या छत्तीस आले होते, एकही हललेला नव्हता. पंचविसावा त्याने भिंगाखाली धरला. पैंजणाची कडी न् कडी मोजता येत होती. अंगठ्याच्या नखात अडकलेलं पीठ दिसत होतं. नडगी मात्र गोल, उजळ आणि सपाट होती. फ्लॅशचा उजेड समोरून पडला होता. तो खळग्याच्या बाहेर जेवढा पडला तेवढाच आतही पडला होता, आणि सावली कुठेच नव्हती.

घरी आईने मळून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यावर त्याने अंगठा दाबला. टॉर्च समोरून धरला तेव्हा खळगा दिसेना. बाजूने धरला तेव्हा दिसला. दोन्ही गोष्टी त्याने वहीत लिहिल्या.

"अरे, पोळ्या लाटायच्यात मला," आई म्हणाली. "पोरखेळ पुरे झाला."

दुसऱ्या दिवशी गोजरबाई स्टुडिओत आल्या. त्यांनी एकेक फोटो हात लांब करून पाहिला. पंचविसावा आल्यावर त्या थांबल्या.

"ह्यो पायाचा कशापायी?"

"त्यांनी काढायला सांगितला."

"नाटकी हाय." त्यांनी फोटो उजेडाकडे फिरवला आणि हसल्या. "पन पाय बगा कसे भरल्यात! सूज म्हनं. आन् पैंजण कसं उठून दिसतंय. मीच केलंय त्ये. ह्यो तर आदी धाडते."

"मावशी, फ्लॅशमुळं..."

"काय?"

पंकजने पाकिटाची कड बोटाने सरळ केली.

"फ्लॅशमुळं रंग जरा उजळ येतो."

"मंग बरंच की."

फोटो पाठवल्यापासून बाविसाव्या दिवशी सकाळी त्यांनी त्याला घरी बोलावून घेतलं. पत्र आलं होतं.

"हिच्याकडनं न्हाई वाचून घेत," त्या म्हणाल्या. "ही मधलं गाळती. तुमी शिकलेलं, परके. तुमी वाचा."

पूर्वेच्या खिडकीजवळ त्याला खुर्ची दिली. जयमाला गोठ्यातून आली आणि हात न धुताच दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा रुंद झाला होता आणि डोळे बारीक झाले होते. डाव्या हातात बांगड्या नव्हत्या. त्या कापून काढल्याची खूण मनगटावर होती.

पंकजने पत्र उलगडलं. आधी मनात शेवटपर्यंत वाचलं.

"मोठ्यानं वाचा की," गोजरबाई म्हणाल्या.

गोजरबाईंना अक्षर येत नव्हतं. घरात तिसरं कोणी नव्हतं; तो वाचेल तेच पत्र ठरलं असतं. जयमाला पत्राच्या पाठीकडे बघत होती. मग तिने वर, त्याच्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी आडवी हलवली. कोणी बघत नसताना हलवावी तेवढीच.

त्याने वाचायला सुरुवात केली.

"तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. फोटो मिळाले. माझ्या बराकीतल्या सर्वांनी पाहिले. जयमालाची तब्येत उत्तम दिसते. पायाचा फोटो मी आमच्या सुभेदारसाहेबांचं भिंग मागून पाहिला. ती लिहिते तसं त्यात काही नाही. तिला सांग, खोटं लिहून मला इथं काळजीत टाकू नकोस. माहेरी पाठवण्याची गरज नाही. म्हशींकडे लक्ष असू द्यावे. मला रजा जूनमध्ये मिळेल. तुझा रंगनाथ."

एकही शब्द त्याने गाळला नव्हता.

"ऐकलंस?" गोजरबाईंनी पत्र त्याच्या हातातून घेतलं. "आता लिव म्हनावं अजून. बसा भाऊ, च्या ठेवते. जयमाले, काळीचं पारडू सुटलंय, बग आदी."

पत्र देव्हाऱ्यात ठेवायला त्या आत गेल्या. जयमाला जागची हलली नाही.

"भाऊ, त्यो फोटू नीट आला न्हवता का?"

"नीट आला होता. खळगा आला नाही."

"आसं कसं?"

"उजेड समोरून होता."

मग दुसरी खुर्ची तिने पायाने ओढून खिडकीशी घेतली, तिच्यावर पाय ठेवला आणि साडी वर केली. पैंजण नव्हतं. तिने नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिरप्या उन्हात खळग्याच्या एका कडेला शाई सांडावी तशी काळी सावली धरली.

पंकजने आज कॅमेरा आणला नव्हता. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. त्याने मनगट वळवून घड्याळाकडे पाहिलं.

खळगा भरायला अठ्ठेचाळीस सेकंद लागले.