जातो

योगिनीने हेडफोन काढून टेबलावर आपटला.

"पुन्हा वाक्य घातलंस? हिरो इथे गप्प आहे, ज्ञानेश."

काचेपलीकडे माइकपुढे उभा असलेला समाधान ओशाळला. वाक्य त्याचं नव्हतंच. 'या गावात वाघ एकच!' हे ज्ञानेशने ऐनवेळी त्याच्या हातात दिलं होतं.

"गप्प राहिला तर पब्लिक झोपेल, मॅडम," ज्ञानेश म्हणाला. स्टुडिओ त्याचा होता, मराठी डबिंगचं कामही त्यानेच मुंबईहून खेचून आणलं होतं. "काउबॉयचा पिक्चर आहे. टोपी, घोडा, बंदूक. हिरोला दोन टाळ्या तरी नकोत?"

"काउबॉयचा नाही. काउबॉयच्या सिनेमांवर जीव असलेल्या जपानी माणसाने केलेला आहे. फरक आहे."

फरक तिला दिसत होता. धुळीचं गाव तसंच, गुत्त्याची झुलती दारंही तशीच. पण कमरेला पिस्तूल लावलेला हा माणूस आत शिरण्याआधी वाकून बूट काढून ठेवायचा. तो बोलायचा फार कमी, आणि जे बोलायचा ते जपून. योगिनीची सहा वर्षं सिन्नरच्या कारखान्यात जपानी यंत्रांची माहितीपुस्तकं मराठीत आणण्यात गेली होती. 'झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करा.' पडद्यावर अनुवादक म्हणून तिचं नाव पहिल्यांदाच येणार होतं, आणि ते या वाघाखाली येणार होतं.

सकाळी ती प्रत्येक वाक्यासाठी भांडली. दुपारनंतर काही सोडून दिली. त्यात स्टुडिओ पंचवटीतल्या गजबजलेल्या गल्लीत; टेक जमत आला की खाली रिक्षावाला हॉर्न दाबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. समाधानचा घसा बसत चालला होता.

शेवटचा प्रसंग आला. खिंडीत दबा धरून बसलेल्या टोळीकडे हिरो एकटाच निघतो. खानावळ चालवणारी विधवा त्याची पाण्याची बाटली भरून देते. तो एकच शब्द बोलतो.

"'जातो'," योगिनी म्हणाली.

"जातो?" ज्ञानेशने कपाळाला हात लावला. "आपल्यात जातो म्हणतं का कुणी? येतो म्हणतात."

"जपानीतही 'जाऊन येतो' असंच म्हणतात. हा म्हणत नाही. परत येणार नाही, हे त्याला माहीत आहे. अख्खा सिनेमा त्या एका शब्दात आहे रे! बाकी सगळं तुझ्या मनासारखं केलंस. एवढं एक ठेव."

तिचा आवाज चिरकला. ज्ञानेशने समाधानकडे पाहिलं. समाधान पाण्याचा घोट घेऊन म्हणाला,

"ताई म्हणतात तसं करू ना. एक टेक."

विधवेला आवाज देणारी वैष्णवी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला या प्रसंगात बोलायचं काहीच नव्हतं, फक्त एक उसासा द्यायचा होता. दिवा लाल झाला. पडद्यावर बाटली या हातातून त्या हातात गेली.

"जातो," समाधान म्हणाला. बसक्या घशाने, सहज.

"असं म्हणू नये," वैष्णवी पटकन बोलून गेली. "येतो म्हणा."

तिने लगेच जीभ चावली. "सॉरी, सॉरी मॅडम! तोंडातून गेलं. पुन्हा घेऊया."

योगिनीने हात वर केला. "मागे घे," ती ज्ञानेशला म्हणाली. "ऐकव."

ज्ञानेशने ऐकवलं. पडद्यावरची बाई पाठमोरी होती. तिचे ओठ दिसत नव्हते. दिसत होती फक्त किंचित हललेली मान. हिरो क्षणभर थांबला, मग टोपी पुढे ओढून चालू लागला. मूळ सिनेमात तिथे नुसता वारा होता. योगिनीने पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदाही.

"कापू ना?" ज्ञानेशने विचारलं. "मुळात नाहीये हे."

मुळात नसलेल्या वाक्यांवरूनच योगिनी दिवसभर भांडली होती. तिला स्वतःचाच राग येत होता.

"राहू दे," ती म्हणाली, आणि ज्ञानेशचा चेहरा दिसू नये म्हणून पाण्याची बाटली शोधू लागली.