राणीसाहेबांच्या टिकल्या

सांगलीत विश्रामबागेला विजयमालाबाईंचा नवा बंगला बांधून झाला होता. आता त्यात फक्त जुनेपणा आणायचा राहिला होता. त्यासाठी रविराज नावाचा इंटिरियर डिझायनर नेमला होता. त्याच्या आधी राहत्या घरातलं सगळं जुनं सामान टेम्पोत भरून घालवलं होतं, ती गोष्ट वेगळी. घंगाळ गेलं, पाट गेले, दगडी खलबत्ता गेला. मग रविराज कुठूनसं एक घंगाळ घेऊन आला आणि त्यात त्याने रबराचं झाड लावलं. सगळ्यांना ते फार आवडलं.

घरची सून संयोगिता. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिच्या कडेवर छकुली असायची, आणि कडेवर मूल असलेल्या बाईच्या खांद्यावर दुधाचा डाग असतो, डोक्यात मत नसतं, असं घरोघरी गृहीत धरलेलं असतं.

वास्तुशांत तोंडावर आली तशी एका दुपारी दोन माणसांनी प्लास्टिकात गुंडाळलेली एक मोठी वस्तू उचलून हॉलमध्ये आणली.

"काकू, हा आपल्या हॉलचा स्टेटमेंट पीस, येणाऱ्याची पहिली नजर इथंच जाणार," रविराज म्हणाला. "व्हिंटेज आरसा. काच बेल्जियमची, चौकट सागवानी, वेलबुट्टी सगळी हाताने कोरलेली. सातारा रोडला एकजण जुन्या वस्तू ठेवतो. त्याला म्हटलं, हा दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही. कुठल्याशा संस्थानातला आहे."

प्लास्टिक निघालं. संयोगिताने आरशात पाहिलं आणि छकुली तिच्या कडेवरून घसरता घसरता राहिली.

संस्थान उंब्रजचं होतं, तिच्या माहेरचं. हायवेला लागून, दोन खोल्या आणि पुढं गोठा.

तिचे वडील लालासाहेब फौजेत हवालदार होते. बेळगावहून सुट्टीवर येताना त्यांनी हा आरसा फौजी कांबळ्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आणला होता. वडील गेले, आरसा राहिला, आणि लोक काही म्हणोत, आईने टिकलीही राहू दिली. आई, भामाबाई, रोज रात्री कपाळाची टिकली काढून काचेच्या उजव्या कडेला चिकटवायची, सकाळी तीच परत लावायची. टिकल्या बदलत गेल्या, डिंकाचे ठिपके मात्र एकाखाली एक राहून गेले. आणि खाली, पार खाली, चारपाच वेडेवाकडे ठिपके होते, ते संयोगिताचे. आईची टिकली पळवून ती तिथं लावायची आणि आईने शोधत बसावं म्हणून दाराआड उभी राहायची. लग्नात तिने कपाट नको म्हटलं, हा आरसा मागून घेतला.

तो सासरी आला आणि जुन्या घरात माडीवरच्या खोलीत लागला. मग विजयमालाबाईंनी मोबाइलवर वास्तूचा एक व्हिडिओ पाहिला. त्यातले गुरुजी म्हणाले, डागाळलेला आरसा घरात असला की येणाऱ्या बाळाचा रंग जातो. संयोगिता तेव्हा बाळंतपणाला उंब्रजला होती. बाळ घेऊन परत आली तर भिंतीवर खिळा होता आणि बाथरूममध्ये एक निळा टब.

"भंगारवाल्याने दिला, त्या आरशावर," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या होत्या. "कसा जाड आहे बघ. शाळेत जाईपर्यंत पुरेल पोरीला."

तेव्हापासून संयोगिता रोज सकाळी आपल्या लेकीला आपल्या आईच्या आरशात अंघोळ घालत होती. आणि उंब्रजहून फोन आला, "आरसा कुटं लावलाईस गं?" की म्हणत होती, "माडीवर हाय की, आई." भामाबाई वास्तुशांतीला येणार होत्या. विहिणीच्या नव्या घरीही माडीवर कशाला चढतील, एवढाच तिचा आधार होता.

"हे काळे डाग बघितलेत का काकू?" रविराज काचेवरून बोट फिरवत होता. "याला फॉक्सिंग म्हणतात. आतला पारा वयोमानाने असा उडतो. हल्ली नव्या आरशाला औषध लावून मुद्दाम असे डाग पाडतात. हे अस्सल आहेत."

"अगं बाई, किती सुरेख डाग!" विजयमालाबाई म्हणाल्या. छकुलीच्या रंगाचं नाव कुणी काढलं नाही. त्यांनी आरसा ओळखला नाही यात नवल नव्हतं. भंगारात घातलेली वस्तू माणूस आधीही नीट बघत नाही.

रविराज खाली वाकला. "हे काय चिकटलंय? डिंक दिसतोय. उद्या थिनरने पुसून घेतो. आणि चौकटीला पांढरा रंग देऊन तो घासून अर्धवट काढायचा. म्हणजे जुनी दिसते."

"ती जुनीच आहे," संयोगिता म्हणाली.

"हो वहिनी. पण दिसायला नको का?"

संयोगिता मनात हिशेब करायला लागली. खरं सांगावं, तर हा भंगारातला, डागाचा आरसा संध्याकाळच्या आत फाटकाबाहेर जाईल. कदाचित त्याच्यावर आणखी एक टब येईल. गप्प बसावं, तर उद्या थिनर काचेवरच्या आईला पुसून टाकेल. छकुलीने तिचं मंगळसूत्र तोंडात घातलं होतं. ते सोडवता सोडवता ती सासूबाईंना म्हणाली,

"आत्या, हे ठिपके राणीसाहेबांचे असतील."

"कुणाचे?"

"संस्थानातला आहे ना? मग राणीसाहेब निजताना टिकली काढून इथंच लावत असणार. बघा ना, कशा ओळीने आहेत. असं कुठं बघायला मिळतं?"

रविराज सरळ उभा राहिला. आपण आणलेल्या वस्तूची किंमत वाढत असताना शंका काढणाऱ्यातला तो नव्हता. "मी तेच म्हणणार होतो," तो म्हणाला. "याला प्रोव्हेनन्स म्हणतात. वस्तू कुणाकडची, त्याचा पुरावा."

"मग थिनर कसलं लावतोस रे? कुणी हात लावायचा नाही!" विजयमालाबाई कडाडल्या. दुसऱ्या दिवशी ठिपक्यांवर उजेड पडेल असा एक बारका दिवा लागला.

वास्तुशांतीला भामाबाई भल्या सकाळी आल्या, कपाळाला नेहमीची लाल टिकली. आल्या आल्या पदर खोचून नातीला अंघोळ घालायला बसल्या. छकुली टबात हात आपटत होती.

"टब लय झ्याक हाय. कुटनं आणलासा?"

संयोगिता काही बोलायच्या आत दारातून विजयमालाबाईच म्हणाल्या, "एका जुन्या आरशावर घेतला हो, विहीणबाई. डाग पडले होते त्याला. माडीवर नुसता धूळ खात होता."

भामाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांनी लेकीकडे पाहिलं. मग हळूच नातीच्या डोक्यावर पाणी घातलं, डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळाला तळहात लावून.

"जाड हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

संयोगिताने ओल्या लेकीला टॉवेलात गुंडाळलं, दुसऱ्या हाताने आईचं मनगट धरलं आणि तिला सरळ हॉलमध्ये नेलं. "आई, बघ."

भामाबाई दिव्याखालच्या आरशापुढे उभ्या राहिल्या. ठिपक्यांच्या ओळीचं वरचं टोक त्यांच्या कपाळाच्या उंचीला बरोबर लागत होतं. मागोमाग विजयमालाबाई आल्याच. पाहुण्यांना सांगायची त्यांची तालीम झालेली होती.

"संस्थानातला आहे. या राणीसाहेबांच्या टिकल्या. रोज रात्री इथं लावायच्या."

"व्हय का," भामाबाई म्हणाल्या. "बुटकी हुती म्हणायची राणी."

"पण काय रुबाब असेल हो!"

"असंल की. पाण्याची घागर काय तिला उचलाय लागत नसंल."

"छे, छे! हाताखाली बायका असणार."

"आन् ही खालची?" भामाबाईंनी वाकून विचारलं. "ही कुणाची वो, विहीणबाई?"

हे कुणी सांगितलं नव्हतं. पण विजयमालाबाई अडणाऱ्या नव्हत्या. "ती राजकन्येची," त्या ठामपणे म्हणाल्या. "लाडाची असणार. नाहीतर एवढ्या महागड्या आरशाला कोण हात लावू देतंय?"

"लय लाडाची," भामाबाई म्हणाल्या.

संयोगिता टॉवेलात तोंड खुपसून छकुलीचे केस पुसायला लागली. ते केव्हाच कोरडे झाले होते.

दिवसभर पाहुणे आले, जेवले, राणीपुढे उभे राहून सेल्फी काढून गेले. संध्याकाळी भामाबाई गाडीत बसताना लेकीच्या कानाशी म्हणाल्या, "माडी बरीच खाली आलीया तुमची."

"आई, अगं..."

"असू दे. आता हिथनं हलवू देऊ नगंस म्हंजे झालं."

त्यांचं कपाळ मोकळं होतं. संयोगिताच्या लक्षात आलं ते गाडी वळल्यावर.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका राहिलेला प्रसाद घ्यायला आल्या. विजयमालाबाईंनी त्यांना आरशाजवळ नेलं, दिवा लावला आणि मध्येच थबकल्या. ओळीत सगळ्यात वर एक लाल टिकली होती. काल सकाळी नव्हती. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून छकुलीला भात भरवत होती आणि तिला, नेहमीप्रमाणे, काही मत नव्हतं.

"आणि ही बघा," विजयमालाबाई बायकांना म्हणाल्या, "एक तर अजून तशीच चिकटून आहे! काय डिंक असेल त्या काळचा!"

ती टिकली अधूनमधून गळून पडते. मग संयोगिता पाकिटातून नवी काढते आणि छकुलीच्या बोटाने तिथं दाबून बसवते. छकुलीला मात्र ती जागा पसंत नाही. ती टिकली उपटते आणि खाली, पार खाली, राजकन्येच्या ओळीत नेऊन लावते.