रामेश्वरला सोडा

व्याही गेल्याची बातमी हसनाबादहून आली, तेव्हा काकासाहेबांनी राजूरच्या आपल्या प्रसादाच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि लेकीला म्हणाले, "बेबे, आता येतो बघ हरामखोर. दहाव्याला तरी येईलच!" मेलेल्या माणसाबद्दल आधी चार शब्द बरे बोलावेत, एवढंही भान त्यांना राहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर बेबीनंदालाही राहिलं नाही. रामेश्वर एकुलता एक पोरगा. मुंडण कोण करणार, पिंड कोण ठेवणार? त्याला मस्कतहून यावंच लागणार होतं.

रामेश्वर म्हणजे बेबीनंदाचा नवरा. तो हात उचलायचा, म्हणून ती लेकीला, छकुलीला घेऊन माहेरी राजूरला आली होती. तर हा गडी गोड बोलत मागोमाग आला. झालं गेलं जाऊ दे, दोघींना तिकडं नेतो, म्हणाला. पोरीच्या पासपोर्टला आईची सही लागते, ती बेबीनंदानं आपल्या हातानं करून दिली. छकुली पुढं जाते, तुझा व्हिसा मागून येतो. मागून काय आलं? डोंबल! महिन्याभरात त्यानं तिचा फोनसुद्धा ब्लॉक केला. छकुली तेव्हा चार वर्षांची होती. त्याला आता दोन वर्षं झाली.

मग सुरू झाले हेलपाटे. ठाण्यात फौजदार हसला. "बाई, बापानंच नेलं ना? बाप काय चोर असतो का?" दिल्लीला अर्ज केला, तर उत्तर आलं की अशी मुलं परत आणायचा जो देशादेशांतला करार आहे, त्यात आपला देश नाही, आपण कोर्टात जावं. ती कोर्टात गेली. कोर्टानं सांगितलं, पोरगी आईची. वा! मस्कतला तो निकाल कोण विचारतो? तिकडच्या आपल्या वकिलातीला लिहिलं की निदान पोरगी कशी आहे ते तरी बघून या. ते म्हणाले, बघतो, पण बापाची परवानगी लागेल. म्हणजे ज्यानं पोरगी पळवली त्यालाच विचारायचं, आम्ही येऊ का म्हणून! बेबीनंदाचं डोकं असं तापायचं की दुकानात नारळ फोडायला घेतला, तर काकासाहेब तो तिच्या हातातून काढून घ्यायचे.

हजर होत नाही म्हणून कोर्टानं रामेश्वरवर वॉरंट काढलं होतं, तेही धूळ खात पडलेलं. काकासाहेबांनी आता ते उकरून काढलं. सुतकी घराच्या नावानं बोटं मोडत ते ठाण्यातून जालन्याला पळाले, मोठ्या साहेबांच्या पाया पडले. विमानतळावर नाव कळवा, उतरला की धरा, एवढीच विनवणी. "छकुलीला घेऊनच येईल," बेबीनंदा भेटेल त्याला सांगत सुटली. "एवढीशी पोर एकटी कुठं ठेवंल?" आणि चमत्कार बघा, दोन वर्षं जागचं न हललेलं सरकार या वेळी हललं. दहाव्याच्या आदल्या सकाळी फोन आला की धरला, घेऊन येतोय.

ठाण्यात फौजदारानं बापलेकीला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. "आणला का न्हाई तुमचा आरोपी!" म्हणाला. रामेश्वर भिंतीकडेच्या बाकड्यावर मान खाली घालून बसला होता. शेजारी त्याची आई, आसराबाई, पदरात तोंड खुपसून. बेबीनंदानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर त्याच्या मागं, दाराआड, आतल्या खोलीत फिरली.

"छकुली कुठंय?"

"मस्कतला."

"कुणापाशी?"

"शेजारच्या बाईपाशी. केरळची हाय. चार दिवसांचंच तर काम होतं." मग मान वर करून म्हणाला, "तू असं काहीतरी करून ठेवशील, म्हणूनच न्हाई आणली."

तेवढ्यात टेबलावर जमा करून ठेवलेला त्याचा फोन वाजला. ती शेजारीणच होती. फौजदारानं घ्या म्हणून खूण केली. रामेश्वरनं व्हिडिओ चालू केला आणि बेबीनंदानं फोन त्याच्या हातातून हिसकून घेतला.

छकुली होती. उंच झाली होती. पुढचे दोन दात पडले होते.

"छकुले! माय माझी!"

पोर बघत राहिली. मग म्हणाली, "आंटी, पापा किधर है?"

जिच्यासाठी दोन वर्षं जीव टांगणीला लागला, ती बेबीनंदालाच आंटी म्हणत होती, आणि तिची तरी काय चूक? मग शेजारीण पडद्यावर आली. मोडक्यातोडक्या हिंदीत तिनं सांगितलं की परवा शुक्रवारी तिचं गावाकडचं तिकीट आहे. तोवर बाप आला नाही, तर तिला पोलिसांना कळवावं लागेल आणि ते पोरीला सरकारी बालगृहात ठेवतील.

"मंग पोरीला विमानात बसवून इकडं पाठवा ना," काकासाहेब म्हणाले.

"बापाशिवाय तिला तिथून निघताच येत न्हाई," रामेश्वर म्हणाला. "तिचं सगळं माझ्या नावावर हाय."

काकासाहेबांनी वकिलातीला फोन लावला. पलीकडचा माणूस मोठ्या अदबीनं बोलला. अर्ज ई-मेल करा, वडिलांचं संमतिपत्र जोडा, वडील अटकेत असतील तर ते कोर्टामार्फत पाठवा.

"आन् शुक्रवारच्या आत काही?"

"शुक्रवारी इथं सुट्टी असते, सर."

बेबीनंदा उठली. "साहेब, सोडा त्याला."

"काय पोरखेळ लावलाय का?" फौजदार उखडला. "दोन वर्षं धरा धरा म्हणून डोकं खाल्लं आमचं! आता केस सरकारची हाय. उद्या कोर्ट, पासपोर्ट जमा, पुढची तारीख कधी पडंल ती पडंल."

"मी पोरगी मागितली होती तुम्हाला!" बेबीनंदा किंचाळली. "आरोपी कुणी मागितला होता? बाप चोर असतो का म्हणून दात काढत होतात ना? मंग आज कसा झाला चोर?"

काकासाहेबांनी तिला हाताला धरून बाहेर नेलं. "बेबे, येडी झाली का? ह्यो एकदा सुटला का पुन्हा हाती लागत न्हाई. त्याचा बाप काही परत मरणार न्हाई."

बोलणं बराबर होतं. बिलकुल बराबर होतं, म्हणूनच तिला त्यांचा राग आला. "तिथं तिला ओळखीचं कोणी न्हाई, आबा, ह्याच्याशिवाय," ती म्हणाली. "मीसुद्धा न्हाई."

दुसऱ्या दिवशी कोर्टात न्यायाधीशांनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं. "आपल्याच अर्जावर हे वॉरंट निघालं. आणि आपलीच हरकत नाही?"

"न्हाई, साहेब."

रामेश्वरकडून लिहून घेतलं की महिन्याभरात मुलीसह हजर होईन. दुपारी पासपोर्ट त्याच्या हाती पडला. तिकडं हसनाबादला नदीवर भाऊबंद दहाव्यासाठी ताटकळले होते. तो आईकडं बघून चुळबुळ करायला लागला. "आई, आधी मुंडण तरी करून..."

"पुतण्याच्या हातनं करते मी," आसराबाई म्हणाली. "माणूस गेलं ते गेलं. तू पोरीकडं जा."

कोर्टासमोर संभाजीनगरची जीप उभी होती. रामेश्वर बेबीनंदापाशी येऊन घुटमळला. "आणतो तिला महिन्याभरात. खरंच आणतो." तिचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही. तिनं त्याची बॅग उचलून जीपमध्ये टाकली, त्याला आत बसवलं आणि दार लावलं. ड्रायव्हर खाली उभा राहून तंबाखू मळत होता, अजून दोन सीट भरायच्या म्हणत होता. काकासाहेब पाठ करून उभे होते.

दोन वर्षं ज्याला धरा म्हणून ती दारोदार फिरली, त्याच्याचसाठी बेबीनंदानं जीपच्या पत्र्यावर दणादण हात मारले. "दोन्ही सीटचे पैसे मी देते, पण हाल ना बाबा जल्दी! ह्याचं विमान चुकंल!"