हॅलोजनखालचा कॉम्प्युटर

पौषात हमरापूरला थंडी पडते ती अशी, की माणसं चहाच्या कपावर हात शेकत बसतात आणि चहा प्यायचा राहून जातो. पण निदान माणसं उठतात तरी. सुभाष मूर्तिकाराच्या घरचा कॉम्प्युटर उठायचं नावच घेत नव्हता. बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा, आतला पंखा जरा घरघरायचा आणि गप्प. ऊन चढून छपराचे पत्रे तापले, की मग नवरदेवाच्या थाटात सुरू व्हायचा.

एरवी कोणी मनावर घेतलं नसतं. पण सुभाषची मुलगी समीक्षा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली होती आणि रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीच्या लॅबमधल्या नोकरीसाठी तिची परीक्षा सोमवारी सकाळी आठला होती. परीक्षा घरी बसूनच द्यायची, पण मोबाइलवर नाही. कॉम्प्युटर हवा, त्यावर कॅमेरा हवा आणि खोलीत दुसरं चिटपाखरू नको.

सुभाषला ही नोकरी नको होती. तसं तो बोलला नव्हता. उघड बोलण्याची हिंमत त्या घरात फक्त हौसाला, म्हणजे त्याच्या बायकोला होती. गणपती तो स्वतः करायचा, पण गौरींच्या मुखवट्यांची आखणी, म्हणजे डोळे-भुवया काढणं, हल्ली अर्धीअधिक समीक्षाच करायची. मुलगी रोह्याला आत्याकडे राहणार, शिफ्ट करणार, मग इथे ब्रश कोण धरणार, हा विचार त्याला रात्री झोपू द्यायचा नाही. त्यामुळे कॉम्प्युटर गारठला म्हणून सगळं घर हवालदिल झालं, तेव्हा सुभाष मनातल्या मनात थंडीला दुवा देत होता.

वरवर मात्र त्याने दुरुस्तीत जीव ओतला. रोह्याला मोबाइलचं दुकान चालवणारा त्याचा भाचा सुजय फोनवरून सांगेल ते ते केलं. कॉम्प्युटरचा डबा उघडला तर आतून इतकं प्लास्टर निघालं, की त्यात वीतभर गणपती सहज झाला असता, असं हौसाचं मत पडलं. रॅम काढून खोडरबरने घासली, आतला सेल बदलला, वायरी उपटून परत खोचल्या. एवढं न्हाऊमाखू तर सुभाषने देवालाही कधी घातलं नव्हतं. पंखा पुन्हा घरघरला आणि गप्प झाला.

शेवटी रविवारी सुजय स्वतः आला. त्याने टॉर्च मारून बोर्डावरची बारकी नळकांडी दाखवली. त्यांची टाळकी फुगली होती. जुनी झाली की ही फुगतात, मग थंडीत करंट धरत नाहीत, उबेत धरतात, असं त्याने समजावलं. सुभाषने उभ्या आयुष्यात कुठल्या मूर्तीवर फुगवटा राहू दिला नव्हता. त्याने खिशातून पॉलिश पेपर काढला.

"सरक," तो म्हणाला, "आता सपाट करतो."

सुजयने मामाचा हात धरला म्हणून निभावलं. नवी नळकांडी मुंबईहून मागवावी लागणार होती. स्वतःचा लॅपटॉप द्यावा, तर तो त्याने आदल्याच आठवड्यात गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला होता. तेव्हा तो चहा पिऊन, भरपूर सल्ले देऊन रोह्याच्या गाडीला लागला.

उबेत धरतात, हे मात्र सुभाषच्या डोक्यात राहिलं. पावसाळ्यात मूर्ती सुकत नाही तेव्हा तिला हॅलोजनच्या प्रखर दिव्यासमोर ठेवतात, हे पेणकडच्या मूर्तिकाराला शिकवावं लागत नाही. दिवेलागणीला घरात कोणी नाही असं बघून त्याने डबा घराला लागून असलेल्या आपल्या मूर्तींच्या कारखान्यात नेला. कारखाना म्हणजे पत्र्याची शेडच. आधी बटण दाबून पाहिलं, तर गप्प. मग डब्याचा एका बाजूचा पत्रा काढून तो हॅलोजनसमोर ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा बटण दाबलं. पंखा घरघरला आणि फिरतच राहिला. सुभाषने घाईघाईने तो बंद केला, डबा होता तिथे नेऊन ठेवला आणि तोंडाला कुलूप लावलं.

सोमवारी सकाळी समीक्षा शाल पांघरून बटण दाबत बसली होती. ती रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्याला समजावता तरी येतं. ती नुसती थांबून थांबून बटण दाबत होती. हौसा चहा घेऊन आली. आदल्या संध्याकाळी एकही ओली मूर्ती नसताना हॅलोजन तापलेला तिने पाहिला होता, आणि त्यावरून काय समजायचं ते ती समजली होती.

"तुमाला म्हाईत हाय तो कसा चालू होतो," ती नवऱ्याला म्हणाली. "पोरीचा तोंड बघा, मंग काय ता ठरवा."

सुभाषने पोरीचं तोंड पाहिलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने डबा उचलला.

हॅलोजनची वायर घरापर्यंत पोचत नव्हती, म्हणून सगळं बिऱ्हाडच कारखान्यात हलवलं. डबा तापला, स्क्रीन उजळला, मोबाइलचं नेट जोडलं. समीक्षा स्टुलावर बसली. सुभाष दार ओढून घेणार, तोच तिने हाक मारली. खोलीत आणखी माणसं आहेत, ती बाहेर गेल्याशिवाय पेपर उघडणार नाही, असं कॉम्प्युटर म्हणत होता.

सुभाषने बाजूने स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं. समीक्षाच्या मागे फळ्यांवर गौरींचे मुखवटे मांडलेले होते. वरच्या फळीवरचे त्याच्या हातचे, खालच्या फळीवरचे तिच्या. खालच्या प्रत्येक चेहऱ्याभोवती लाल चौकट उमटली होती. वरच्या फळीकडे मशीनने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

अभिमानाने त्याची छाती भरून आली आणि त्याच क्षणी कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखंही वाटलं. मग त्याने खालच्या गौरी एकेक करून भिंतीकडे तोंड करून वळवल्या.

"वरच्या पन फिरवा ना, बाबा," समीक्षा म्हणाली.

"त्यांची गरज नाय," सुभाष म्हणाला.

पेपर उघडला. तो दार ओढून बाहेर आला. हौसा ओट्यावर बसली होती. मशीनने कुणाला माणूस धरलं आणि कुणाला नाही, हे सगळं त्याने तिला सांगितलं. सांगताना त्याचे डोळे भरून आले.

"आता गौरींचं डोळं कोन काढनार?" त्याने विचारलं.

"तुमीच," हौसा म्हणाली. "इतकी वरसं काढलंच ना? एक तरी गौर कोनी परत आनून दिली काय?"