विहिरीतली बाई

"पाय उलटे असतात तिचे. आणि केस तर थेट घोट्यापर्यंत," मंगलाबाई सांगत होत्या. "भर दुपारी विहिरीच्या काठावर बसून विंचरत असते. जवळून कुणी गेलं की पाणी मागते."

महेबूब कल्हईवाला मान खाली घालून भाता ओढत होता. पातेलं तापलं तशी त्याने नवसागराची चिमूट टाकली. पांढरा धूर उठला, आणि त्या धुराआड त्याने डोळे पुसून घेतले.

त्याच्या सितारेचे केस खांद्याखाली कधी उतरलेच नव्हते. लहानपणी विषमज्वरात सगळे गळाले आणि पुन्हा आले ते आखूड, कुरळे. निकाहाच्या दिवशी तिच्या आईने, गुलजारबीने, त्यांत गंगावन गुंफायला घेतलं, तर पोरगी हसत सुटली होती.

विहीर नाशकाच्या टोकाला, मळ्यांकडे जाणाऱ्या वाटेवर होती. तिच्या अलीकडच्या खोल्यांत तेव्हा मागावर काम करणारं एक बिऱ्हाड राहायचं. सितारा त्या घरची सून. थंडीच्या एका सकाळी ती पाण्याला गेली, शेवाळावरून तिचा पाय घसरला, आणि बाहेर काढली तेव्हा सगळं संपलेलं होतं. पडद्यातली नवी सून, आळीत तिचं तोंड कुणी धड पाहिलेलं नव्हतं. बिऱ्हाड मालेगावला निघून गेलं. पुढे आळीला नळ आले, विहिरीवर कुणी फिरकेनासं झालं, आणि हळूहळू तिथे ही उलट्या पायांची बाई राहायला आली.

महेबूबचं घर गावाच्या दुसऱ्या बाजूला. या आळीत पूर्वी त्याचं एकही गिऱ्हाईक नव्हतं. मुलगी गेल्यावर तो इकडे यायला लागला आणि विहिरीजवळच भट्टी लावू लागला. आपण कोण, हे त्याने कुणाला सांगितलं नाही; लेक सासरी असताना तो इथे क्वचितच आला होता, म्हणून कुणी ओळखलंही नाही. मेलेलं माणूस कयामतीपर्यंत कबरीतच असतं, असं मौलवीसाहेब सांगत आणि महेबूबला ते पटलेलं होतं. तरीही भाकरी खाऊन झाली की तो विहिरीच्या काठावर जाऊन बसायचा. अख्ख्या आळीला ती दिसते, मग बापालाच का दिसत नाही?

एकदा न राहवून त्याने हे गुलजारबीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "पानी मांगती बोलते ना? तो कोई देता क्यूं नै?"

त्या वर्षी मंगलाबाईंच्या सुनेचं पोट दुसऱ्यांदा रिकामं झालं. कुसा तिचं नाव, नामपूरकडची पोर. ती अन्नाला शिवेना, मागच्या दारी एकटी जाईना. विहिरीतली बाईच लागलीय, असं सगळे म्हणू लागले. माहेरी पाठवायचं, तर स्टँडची वाट विहिरीवरूनच जाणारी. मंगलाबाई कल्हईला भांडी घेऊन आल्या तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता.

"सायखेड्याहून भगत बोलावलाय, महेबूबभाई. तो त्या बाईला गडूत कोंडणार आहे. गडूला कथलाचा डाग देऊन तोंड बंद करायचं, असं म्हणतो. डाग तुम्ही द्याल ना?"

महेबूबने मान वर केली. समोर मंगलाबाईंच्या घराच्या उंबऱ्याआत कुसा बसली होती. खुरमांडी घालून, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं. सितारा गेली तेव्हा होती, त्याच वयाची असेल.

"देईन, बाई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी आळी विहिरीपाशी जमली. झिपरू भगताने गुलाल टाकला, लिंबं कापली, तांब्याचा गडू काठावर मांडला. महेबूबने बाजूला भट्टी पेटवून कथील तापत ठेवलं.

"नाव काय हिचं?" झिपरूने विचारलं. "नावाबिगर नाय येणार ती."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एक म्हणाली, यमुना असेल. दुसरी म्हणाली, "नाव कसलं घेऊन बसलात! तमासगिरीण होती म्हणे. वाईट चालीची. लोकलाजेनं उडी घेतली."

महेबूबच्या हातातला भाता थांबला.

"सितारा," तो म्हणाला. "सितारा तिचं नाव. आणि तिनं उडी नाही घेतली. पाय घसरला तिचा."

"तुला रे काय ठावं?" झिपरूने विचारलं.

"मी बाप आहे तिचा."

मघाची ती बाई गर्दीत मागे सरकली. मंगलाबाईंनी पदर तोंडाशी नेला.

झिपरूने हातातलं लिंबू खाली ठेवलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "मंग तूच हाक मार, बाबा. माझ्या हाकंला ती भिईल. बापाच्या हाकंला नाय भ्यायची."

महेबूब उठला. हात कोळशाने काळे झाले होते, ते त्याने सदऱ्याला पुसले. काठावर गुडघे टेकून तो वाकला. खाली हिरवंगार पाणी निश्चल पडलं होतं.

"सितारा," त्याने हाक मारली. तिला सासरहून न्यायला यायचा तेव्हा जशी मारायचा, तशीच. "चल बेटा. घर चल."

विहिरीने त्याचा आवाज परत दिला. बायकांत कुणीतरी हुंदका दिला. झिपरूला मंत्र आठवेना. त्याने नुसतीच गडूच्या तोंडावर तांब्याची चकती ठेवली आणि म्हणाला, "आली."

महेबूबने डाग दिला. इतक्या वर्षांत त्याच्या हातून इतका सफाईदार डाग पडला नव्हता. कुठे फट नाही, कुठे थेंब ओघळलेला नाही. तेवढ्यात मागून पावलं वाजली. कुसा उंबरा ओलांडून बाहेर आली होती. ती विहिरीपर्यंत चालत आली, काठाला हात लावून क्षणभर उभी राहिली आणि परत गेली.

"गंगेच्या डोहात सोड," झिपरूने सांगितलं. "मागं वळून बघू नको."

सगळे पांगले तरी मंगलाबाई तिथेच उभ्या होत्या. "इतके दिवस तुमच्यापुढे नको नको ते बोलले मी. अडवलं का नाहीत मला?"

"तुम्ही बोलायचा, बाई, तेवढीच तिची आठवण निघायची," महेबूब म्हणाला. "घरी आम्ही दोघं गप्पच असतो."

गडू फडक्यात गुंडाळून तो गंगेवर, नाशकाच्या नदीवर, गेला. डोहाच्या कडेला उभा राहिला. पाणी संथ होतं, खोल होतं. गडू दोन्ही हातांनी पुढे धरला, आणि पाण्यात सोडायला काही त्याचे हात उघडेनात. पाण्यातूनच तर काढून आणली होती. शेवटी तो वळला आणि घराची वाट चालू लागला.

गुलजारबी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. त्याने गडू जमिनीवर ठेवला आणि जे झालं ते सगळं सांगितलं. ती रागावेल, असलं काही आपल्या दीन-धर्मात बसत नाही म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. तिने पिठाचे हात धुतले, फडकं सोडलं. डागाशी लागलेली काजळी ओढणीच्या पदराने हलक्या हाताने पुसून काढली.

"कितना ठंडा पडा है," ती म्हणाली.

मग ती जराशी बाजूला सरकली आणि आपल्या शेजारी, चुलीच्या अगदी तोंडाशी, तिने गडूला जागा करून दिली.

जाळाच्या इतक्या जवळ ठेवलं तर डाग वितळून गडूचं तोंड उघडणार, हे महेबूबला कळत होतं. त्याने आणखी एक लाकूड चुलीत सारलं.