शक्यतो

वॉशिंग मशीनने काम संपल्याची शीळ घातली, आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की आपण हात अजून सोडलेला नाही.

तिने बोटं उघडली. भिंगरी जमिनीवर बसली होती. एक बूट पायात, दुसरा दाराशी उलटा पडलेला. एका जागी घडीभर टिकत नाही म्हणून बापाने जिचं नाव भिंगरी पाडलं, ती पाच वर्षांची पोर आत्ता गपगार बसून स्वतःच्या मनगटाकडे बघत होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

घडलं होतं एवढंच. उशीर झाला होता. बूट घाल म्हणून गोडीगुलाबीने सांगून झालं, डोळे वटारून झालं, आणि लेक आईची कामाची फाईल डोक्यावर धरून जेवणाच्या टेबलाभोवती पळत सुटली. "पकड पोलीस, पकड!" असं खिदळत ओरडत होती. आईने पकडलं. पण हात नुसता पकडून थांबला नाही. अंगठा मनगटाच्या मागे गेला, बोटांनी तळवा आत वळवला, चिमुकलं कोपर ताठ झालं आणि लेक खाली बसली. आईच्या हाताने आईला काही विचारलंच नाही.

पोलीस प्रशिक्षणाच्या मैदानावर या पकडीला सगळे कुलूप म्हणत. माणूस कितीही धिप्पाड असो, कुलूप लागलं की मुकाट खाली बसतो. लहान मुलांवर हे कुलूप कधीही लावायचं नाही, असं कलम ती आजच्या बैठकीत मांडणार होती.

"दुखतंय का गं, बाळा?"

भिंगरीने मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते कळलं नाही.

गार पाणी लावून झालं, फुंकर घालून झाली. तोवर वळ उमटलाच होता. अंगठा कुठला आणि बोटं कुठली हे कुणालाही ओळखू यावं असा. बाहेर घामाच्या धारा लागतील असं ऊन होतं. तिने कपाटातून लांब बाह्यांचा स्वेटर काढला, लेकीच्या अंगात घातला आणि बाही पार बोटांपर्यंत ओढून घेतली.  दुसरा बूट भिंगरीने आपला आपण घातला.

बळाच्या वापराचे नियम नव्याने लिहायचं काम तिच्याकडे आलं ते एका शाळकरी मुलामुळे. चौकीत आणलेल्या त्या मुलाचं मनगट मोडलं होतं आणि कागदोपत्री तो 'पडला' होता. ती त्याच्या घरी गेली होती. त्याच्या आईने आरडाओरडा केला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. "तुम्हाला मूलबाळ आहे का?" एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत निघून गेली. त्या दिवसापासून ती या कामाच्या हात धुऊन मागे लागली होती. खात्यात टोमण्यांना तोटा नव्हता. "या, या, आरोपीला नमस्कार करून पकडायला शिकवणाऱ्या मॅडम आल्या!" तिने ते सगळं कानाआड केलं. मसुद्यातली दोन कलमं तिची खास लाडकी. एक कुलपाचं. दुसरं असं, की ज्याने हात लावला त्यानेच, त्याच दिवशी, कसा आणि का लावला ते लिहून द्यायचं. नुसतं 'पडला' चालणार नाही.

बैठकीला मोठे साहेब होते, पोलीस रुग्णालयाचे डॉक्टर होते आणि मैदानावरचे उस्ताद होते. उस्तादांनी निम्म्या खात्याला घडवलं होतं. तिलाही. तिने कलम वाचून दाखवलं, तशी त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"मॅडम, तुम्ही माझ्याच हाताखाली शिकलात, म्हणून हक्काने बोलतो. कुलपासारखी सभ्य पकड दुसरी नाही. काठी नाही, रक्त नाही. तेही काढून घेतलंत तर आमच्या पोरांनी काय करायचं, गाणी म्हणायची?"

"लहान मुलांपुरतंच म्हणतेय मी, उस्ताद."

"लहानाला तर हलक्या हातानेच लावतात. नीट लावलं तर वळसुद्धा उठत नाही. आणि उठलाच," त्यांनी स्वतःच्या जाडजूड मनगटावर थाप मारली, "तर खुशाल समजा, लावणारा चिडलेला होता. त्यात कुलपाचा काय दोष?"

तिने समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायलं. 

"आणि त्या पोराचं मनगट?" डॉक्टरांनी विचारलं.

"तो पडला हो." उस्ताद गालातल्या गालात हसले. "चौकीची फरशीच मेली गुळगुळीत. येईल तो पडतो!"

टेबलाभोवती हशा पिकला. हा विनोद तिने याआधीही ऐकला होता आणि दर वेळी तिचा चेहरा दगडासारखा राहिला होता. तिच्या त्या चेहऱ्याला लोक वचकून असत. आज तीही हसली. हसल्यावर तिला आपलाच आवाज ऐकू आला.

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. ते तिच्या बाजूचे होते. हे काम तिच्याकडे त्यांनीच सोपवलं होतं.

"डॉक्टर, लहान मुलाच्या हाताला या पकडीने इजा होतेच, असं लेखी द्याल?"

"मी स्वतः असा हात तपासलेला नाही, साहेब. मोडलेला पाहिला, पण तो कशाने मोडला, यावर वाद आहे. कुणी डोळ्यांनी पाहिलेलं सांगेल तर गोष्ट वेगळी."

साहेब तिच्याकडे वळले. "तुम्ही इतकी वर्षं चौकीत काढलीत. पोराटोरांना कुलूप लागलेलं पाहिलंय कधी? किंवा तुमच्याच हातून कधी? सांगा मोकळेपणाने, इथलं इथेच राहील. तुमच्या शब्दावर मी सही करतो."

 सगळे तिच्याकडे बघत होते. उस्तादही, आणि त्यांच्या नजरेत खोट नव्हती. उलट आपल्या विद्यार्थिनीचं कौतुकच होतं. तिने दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतले.

"नाही, सर," ती म्हणाली. "माझ्या पाहण्यात नाही."

 साहेबांनी चष्मा चढवला.

"मग असं करू. 'मुलांवर कुलूप शक्यतो वापरू नये.' शक्यतो एवढा शब्द घाला, म्हणजे सगळ्यांचं समाधान. पुढचं कलम?"

'पडला' चालणार नाही असं सांगणारं कलम कुणीही हरकत न घेता मंजूर झालं. बाहेर पडताना उस्तादांनी तिच्यासाठी दार धरलं. "रागावू नका हं, मॅडम. तुम्ही लढलात मात्र झकास!"

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा कपडे वाळत घालत होता. दिवसभर मशीनमध्येच राहून त्यांना कुबट वास यायला लागला होता.

"पुन्हा धुतले," तो म्हणाला. "सकाळी काढायचे राहिले वाटतं तुझ्याकडून. आणि अगं, आपली भिंगरी आज शाळेत पडली. मनगटावर केवढं उठलंय बघ. आणि या उकाड्यात स्वेटर कुणी घातला तिला?"

"पडली?"

"तीच म्हणाली. शूर आहे हो, रडलीबिडली नाही. मलम टेबलावर काढून ठेवलंय, तू लाव. मी लावायला गेलो तर म्हणते, आईच लावेल."

भिंगरी पलंगावर बाहुली घेऊन बसली होती. आईला पाहताच तिने हात पुढे केला. ती लेकीजवळ टेकली, झाकण उघडलं, बोटावर मलम घेतलं. वळ आता निळसर पडला होता. मलम लावताना तिचा अंगठा अंगठ्याच्या खुणेवर आला, नेमका बसला, आणि तिने चटका बसल्यासारखा तो मागे घेतला. मग करंगळीने लावत राहिली, अगदी हलक्या हाताने.

दारातून नवरा दिसत होता. तोंडात दोन चिमटे धरून तो शीळ वाजवायचा प्रयत्न करत होता. त्याला हाक मारायची, इथे बोलवायचं, आत्ताच सांगून टाकायचं. तिने तोंड उघडलंसुद्धा.

भिंगरीने बापाकडे बघून घेतलं, आईची मान दोन्ही हातांनी खाली ओढली आणि तोंड तिच्या कानाला लावलं.

"बाईंनी स्वेटर काढायला लावला. मला घाम आला होता ना, म्हणून. मी त्यांना तुझं नाव नाही सांगितलं. मी म्हटलं, पडले."

तिच्या हातातलं झाकण घरंगळत पलंगाखाली गेलं.

"पण बाई म्हणाल्या, कुठे पडलीस ते आठव आणि उद्या सांग." भिंगरीने मान मागे घेतली आणि आईच्या चेहऱ्याकडे बघत, धड्यातलं अडलेलं विचारावं तसं विचारलं, "कुठे पडले मी, आई?"